स्टिअरिंगमधला ‘प्ले’: जुन्या मोटारीचा स्टिअरिंग बॉक्स दुरुस्त करावा की बदलावा?

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर ती गाडी रस्त्यावर ठेवायची तर तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, तेव्हा एवढे पैसे भरून गाडी नापास होण्यापेक्षा आधीच गॅरेजमध्ये दाखवून घ्यावी, असे मालकाला वाटणे साहजिक आहे. अशा वेळी बऱ्याच जणांच्या कानावर एक निदान पडते: ‘स्टिअरिंगला प्ले आहे, बॉक्स गेलाय.’ या निदानात दोन वेगळी विधाने एकत्र बांधलेली आहेत. पहिले कोणीही दोन बोटांनी पडताळून पाहू शकतो. दुसरे मात्र गाडीखाली शिरून नीट पाहीपर्यंत केवळ अंदाज असतो, आणि खर्चाचा मोठा आकडा या अंदाजावरच उभा राहतो. म्हणून हा बॉक्स (स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोहोचवणारी दातेरी यंत्रणेची पेटी) म्हणजे काय, तो झिजतो कसा आणि दुरुस्तीची मर्यादा कोठे संपते, हे मालकाने समजून घेतलेले बरे.

प्ले म्हणजे काय आणि किती चालतो?

गाडी सरळ उभी करून स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवले, तर रस्त्यावरची चाके हलू लागण्यापूर्वी ते थोडेसे मोकळे फिरते. या मोकळ्या फिरण्याला गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात. बॉक्स असलेल्या जुन्या गाडीत थोडा प्ले असायचाच. तो पूर्ण शून्यावर आणण्याचा हट्ट किती महागात पडतो, ते पुढे येईलच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगवर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले चालत नाही. त्याच नियमात दोन गोष्टी आणखी सांगितल्या आहेत: जोडणीतील सर्व बॉल जॉइंटवर (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याच्या सांध्यांवर) रबरी टोप्या असाव्यात, आणि जोडणीचे बोल्ट व पिना ढिल्या होणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात. ३० अंश ऐकायला थोडे वाटतात, पण ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ते कडेने मोजले तर सुमारे साडेदहा सेंटिमीटर भरतात, म्हणजे जवळजवळ वीतभरातले अर्धे. इतका प्ले असलेली गाडी महामार्गावर एका रेषेत धरणे कठीण असते. कायद्याची ही मर्यादा गाडी रस्त्यावरून हटवण्यासाठी आहे, ती गाडीच्या तब्येतीचे माप समजू नये. जुन्या हाती स्टिअरिंगच्या गाडीत कडेवर दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतचा प्ले सांभाळून घेता येतो. त्यापुढे गेला की कारण शोधायला लागावे, असे माझे मत आहे.

तुमच्या गाडीत मुळात बॉक्स आहे का?

हा प्रश्न आधी विचारावा, कारण ‘जुनी गाडी म्हणजे बॉक्स’ हे समीकरण खरे नाही. अॅम्बॅसेडर जुनी असली तरी तिला रॅक आणि पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग होते, आणि मारुती ८०० लाही तेच. त्या पद्धतीत स्टिअरिंगच्या टोकाला असलेले लहान दातेरी चाक एका सरळ दातेरी दांड्याला डावी-उजवीकडे सरकवते. या लेखातले बरेचसे तपशील त्या गाड्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, मारुती जिप्सी आणि महिंद्राच्या जुन्या जीप यांच्यात मात्र बॉक्स असतो. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला मोठ्या स्क्रूसारखे आटे असलेला एक भाग असतो, त्याला वर्म म्हणतात. वर्म फिरला की त्याला जुळलेला दुसरा भाग एका आडव्या किंवा उभ्या शाफ्टला थोडासा वळवतो. हा शाफ्ट म्हणजे सेक्टर शाफ्ट. दुसरा भाग कोणता, यावरून बॉक्सचे प्रकार पडतात. कोठे वर्मच्या आट्यात थेट दाते बसतात, कोठे बेअरिंगवर फिरणारा रोलर बसतो, विलीस घराण्याच्या जुन्या जीपमध्ये लिव्हरला लावलेल्या दोन निमुळत्या पिना खाचेतून सरकतात, तर जिप्सीच्या प्रकारात वर्म आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्यांची रांग फिरत राहते. रचना निराळ्या असल्या तरी सगळ्यांचे काम एकच: हाताचे बरेचसे फिरणे कमी करून त्याच्या बदल्यात जोर वाढवणे.

सेक्टर शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकावर ड्रॉप आर्म नावाची भुजा बसते. त्याच्यापुढे लिंक आणि टाय रॉड हे हालचाल पुढे नेणारे दांडे आणि त्यांच्या टोकांचे बॉल जॉइंट अशी साखळी थेट चाकांपर्यंत जाते. ही साखळी लक्षात ठेवावी, कारण खरा गुन्हेगार पुष्कळदा तिच्यातच लपलेला असतो.

एक मिलिमीटरचे दोन सेंटिमीटर

समजा, बॉक्सचे प्रमाण १६ ला १ आहे, म्हणजे स्टिअरिंग १६ अंश फिरवल्यावर ड्रॉप आर्म १ अंश हलतो. ड्रॉप आर्मची लांबी १५ सेंटिमीटर धरू. आता त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटमध्ये फक्त १ मिलिमीटर ढिलाई आली. तेवढी ढिलाई भरून काढायला आर्मला सुमारे ०.४ अंश जास्त हलावे लागेल आणि त्यासाठी स्टिअरिंग त्याच्या १६ पट, म्हणजे सहा अंशांच्या आसपास फिरवावे लागेल. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ते दोन सेंटिमीटरहून थोडे जास्त होते.

बॉक्सला तपासाआधीच दोषी ठरवण्याची सवय का चुकीची आहे, ते या हिशेबात दिसते. जे प्रमाण आपल्या हाताचा जोर वाढवते, तेच साखळीतली प्रत्येक ढिलाईही वाढवून हातात आणून देते. त्यात अशा जॉइंटची संख्या मोठी असते. दोन-तीन जॉइंट अर्धा-अर्धा मिलिमीटर झिजले, तरी बॉक्स ठणठणीत असताना चालकाला तो ‘गेल्यासारखा’ वाटतो. जॉइंट बॉक्सच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त असतात; तरी ते न पाहता नवा बॉक्स बसवला आणि प्ले तसाच राहिला, अशी तक्रार ऐकू आली तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

दोष बॉक्सचाच आहे हे कसे ओळखावे?

या तपासणीला दोन माणसे लागतात, यंत्र लागत नाही. गाडीची चारही चाके जमिनीवर असावीत, हँडब्रेक ओढलेला असावा आणि चाकांना दगड लावलेले असावेत. एकाने आत बसून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना छोट्या झोकांनी हलवत राहायचे, दुसऱ्याने वरून सुरुवात करून खालपर्यंत एकेक जोड पाहत जायचे. चाके जॅकवर उचलून ही तपासणी करू नये. चाकांवर भार नसला की ढिल्या जॉइंटचीही हालचाल सहज लपते. जॅक लागतो तो व्हील बेअरिंग आणि किंगपिन (ज्या खिळीभोवती चाक वळते ती) किंवा सस्पेन्शनचे बॉल जॉइंट वेगळे तपासायला.

सगळ्यात आधी स्टिअरिंगचा दांडा आणि बॉक्स यांच्यामधली कपलिंग पाहावी. तिचे रबर फाटलेले किंवा तिचा क्रॉस झिजलेला असला, तर प्ले बॉक्सपर्यंत पोहोचण्याआधीच तयार झालेला असतो. त्यानंतर बॉक्सच्या कवचावर हात ठेवावा. स्टिअरिंग हलवताना अख्खा बॉक्सच जागेवर हलत असेल, तर त्याचे बोल्ट ढिले आहेत किंवा तो ज्या पट्टीवर बसला आहे तिथे चेसिसला भेग गेली आहे. जीपसारख्या वाहनांत, विशेषतः मूळ मापापेक्षा मोठे टायर लावलेल्या गाड्यांत, ही भेग हटकून पाहावी. तेथे बॉक्स बदलून काहीही साधत नाही, आणि भेग तशीच ठेवणे प्लेपेक्षा कितीतरी घातक आहे.

मग शेवटचा पुरावा घ्यायचा. बॉक्सच्या आत जाणारा दांडा फिरतो आहे आणि बाहेर आलेला ड्रॉप आर्म स्थिर आहे, असे स्पष्ट दिसले तरच दोष बॉक्सचा. ड्रॉप आर्म हलतो आहे आणि त्याच्यापुढचा टाय रॉड उशिरा हलतो आहे, तर दोष मधल्या जॉइंटचा. ड्रॉप आर्म फिरण्याऐवजी वर-खाली किंवा आडवा डुगडुगत असेल, तर सेक्टर शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यांच्यात फिरतो त्या नळीसारख्या बाह्या) झिजले आहेत. हा दोष बॉक्सचाच असला तरी त्यावरचा इलाज सोपा आहे.

‘मग वरचा स्क्रू आवळून द्या की!’

बहुतेक बॉक्सच्या झाकणावर लॉकनट असलेला एक स्क्रू असतो. तो आत घेतला की सेक्टर शाफ्ट वर्मच्या जवळ सरकतो आणि प्ले कमी होतो. पाच मिनिटांचे काम, हातात लगेच फरक, ग्राहकही खूश. या स्क्रूइतका गैरवापर झालेला भाग जुन्या गाडीत क्वचितच असेल.

गाडीचा बहुतेक प्रवास सरळ होत असल्यामुळे वर्मचा मधला भागच सर्वांत जास्त घासला जातो. दोन्ही टोकांकडचे आटे वळणापुरते वापरले जातात. जुन्या वाड्याची दगडी पायरी आठवावी: पिढ्यान्‌पिढ्या पाय पडून तिची मधली जागा खोलगट होते, कडा मात्र जशाच्या तशा राहतात. त्या पायरीवर सरळ फळी कितीही दाबली, तरी ती कडांवरच टेकते. स्क्रू आवळणे म्हणजे ती फळी दाबणे होय. बॉक्स घडवणाऱ्यांना ही झीज ठाऊक असते, म्हणून नव्या बॉक्सची मधली जागा मुद्दाम किंचित घट्ट आणि दोन्ही बाजू किंचित सैल ठेवलेल्या असतात. स्क्रू आहे तो एवढीच राखीव जागा वापरण्यासाठी. ती संपल्यावरही मधला प्ले घालवण्याचा हट्ट केला, तर मध्ये स्टिअरिंग ठीक वाटते आणि वळणावर आवळते.

हे आवळणे नुसते त्रासदायक नसते. वळण संपल्यावर हात सैल सोडला की पुढची चाके आपोआप सरळ होऊ पाहतात आणि चालक नकळत त्यावर विसंबून असतो. आंबेनळीसारख्या घाटात एका वळणातून दुसऱ्यात जाताना स्टिअरिंग जिथे सोडले तिथेच अडकून राहिले, तर चालकाच्या हाताला ते कळेपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेला पोहोचते. प्ले असलेल्या गाडीला लोक घाबरतात आणि आवळलेल्या गाडीला ‘टाइट झाली’ म्हणून शाबासकी देतात. माझ्या मते यातली दुसरी गाडी जास्त धोक्याची आहे.

स्क्रूला हात लावायचाच, तर रीतीने लावावा. आधी ड्रॉप आर्मपासून लिंक सोडवावी, म्हणजे चाकांचे ओझे हाताला फसवणार नाही. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवून एकूण फेरे मोजावेत आणि त्यांच्या निम्म्यावर आणून बरोबर मध्य गाठावा. गोळ्यांच्या बॉक्समध्ये लिंक सुटलेली असताना स्टिअरिंग टोकाला आपटू नये, कारण त्याने गोळ्यांच्या नळ्यांना इजा होते. वर्मच्या दोन्ही बाजूंची बेअरिंग ढिली असतील, तर ती आधी शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून किंवा त्यांच्या नटाने जुळवावीत, सेक्टरचा स्क्रू त्यानंतर. हा क्रम उलटा केला, तर बेअरिंगची ढिलाई झाकण्यासाठी दाते विनाकारण एकमेकांवर दाबले जातात. स्क्रू फेऱ्याच्या लहान हिश्श्यांत आत घ्यावा आणि दर वेळी स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहावे. मध्यापासून दूर, दोन्हींपैकी कोणत्याही बाजूला अडखळले तर स्क्रूचे काम संपले, असे समजून थोडे मागे यावे.

बॉक्स उघडल्यावर काय वाचते, काय वाचत नाही?

बॉक्सच्या दुरुस्तीत दोन गट पडतात. सील, पॅकिंग, शिम, वर्मची बेअरिंग आणि सेक्टर शाफ्टचे बुश हे बदलण्यासाठीच असतात. त्यांतले बुश जुन्या गाडीसाठी तयार मिळाले नाहीत, तरी चांगला लेथवाला गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूतून ते करून देऊ शकतो. मात्र बुश बसवल्यावर ते शाफ्टच्या मापाने रीम करून (आतून नेमक्या मापाला कातून) घ्यावे लागतात. ठोकून बसवले आणि शाफ्ट घट्ट जातो म्हणून समाधान मानले, असे इथे चालत नाही.

दुसरा गट वर्म, सेक्टरचे दाते, रोलर आणि गोळ्यांचा आहे. या भागांचा पृष्ठभाग उष्णतेच्या प्रक्रियेने कठीण केलेला असतो, आणि कठीण केलेला तो थर पातळ असतो. बोटाच्या नखाला जाणवेल असा खड्डा, पापुद्रा किंवा धार दिसली, की थर तुटला असे धरावे. त्याखालचे नरम पोलाद मग भराभर झिजते. अशा वर्मला पॉलिश करून काही उपयोग नाही, आणि त्यावर वेल्डिंगने भर घालणे तर सरळ गुन्ह्यासारखे आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा भाग कोठे नरम, कोठे ठिसूळ होतो, आणि ठिसूळ दाता तुटला की तो आतच अडकून स्टिअरिंग जाम होऊ शकते. हाच नियम ड्रॉप आर्म आणि टाय रॉडलाही लावावा: तापवून सरळ केलेला किंवा जोडलेला आर्म कोणी दिला, तर घेऊ नये.

वर्म आणि सेक्टर जोडीनेच बदलावेत, कारण एकमेकांवर घासून ते एकमेकांच्या आकाराचे झालेले असतात. गोळ्या बदलायच्या तर सगळ्या एका मापाच्या घ्याव्यात. मापात फरक पडला तर भार मोजक्या मोठ्या गोळ्यांवरच पडतो. यावरून निर्णयाचा साधा निकष मिळतो. वर्मचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर बॉक्स दुरुस्त करावा, मग बाकी कितीही भाग बदलावे लागोत. वर्मला खड्डे पडले असतील आणि नवी जोडी मिळत नसेल, तर बॉक्स बदलावा.

एका सवयीबद्दल मात्र बोललेच पाहिजे. सीलमधून तेल गळू लागले, की बॉक्समध्ये ग्रीस भरून देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. गळती थांबते हे खरे. पण ९० किंवा १४० नंबरच्या गिअर ऑइलसाठी घडवलेल्या बॉक्समध्ये घट्ट ग्रीस वर्मच्या फिरण्याने बाजूला सारले जाते आणि तिथेच राहते, त्यामुळे ज्या जागेला वंगण हवे तीच कोरडी पडते. काही बॉक्स कंपनीनेच पातळ ग्रीससाठी बनवलेले असतात, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत काय सांगितले आहे ते पाहावे. तेलाचा बॉक्स गळत असेल, तर सील बदलावे. बॉक्सला जन्मभर बसलेल्या रस्त्यावरच्या शंभर खड्ड्यांच्या धक्क्यांपेक्षा कोरडे काढलेले एक वर्ष त्याला जास्त झिजवते, असा माझा समज आहे.

‘नवा मिळत नाही, भंगारातला घालू’

पद्मिनीसारख्या गाडीच्या बाबतीत हा पर्याय अनेकदा नाइलाजाने घ्यावा लागतो. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि या गाड्यांच्या सुट्या भागांची रोजची मोठी गिऱ्हाइकी त्यांच्याबरोबरच गेली.

जुना बॉक्स घेताना लक्षात ठेवावे, की तोही तेवढाच चाललेला आणि मध्येच झिजलेला असतो; वरून रंग मारल्याने आतली पायरी भरून येत नाही. दुकानातच त्याचा मध्य गाठून ड्रॉप आर्मच्या जागी लांब पाना लावावा आणि वर्मचा दांडा धरून पाना हलवून पाहावा. प्ले असला, तरी स्क्रूमध्ये अजून आत जायला जागा शिल्लक आहे का, ते बघावे. स्क्रू आधीच पूर्ण आत गेलेला असेल, तर बॉक्सची राखीव जागा कोणीतरी वापरून टाकली आहे आणि असा बॉक्स घेऊ नये. जमल्यास झाकण उघडून वर्म डोळ्यांनी पाहावा. दुकानदार नको म्हणाला तर त्यातच उत्तर आले. अपघातात पुढून आदळलेल्या गाडीचा बॉक्स कितीही चांगला दिसला तरी सोडून द्यावा, कारण सेक्टर शाफ्टला गेलेली बारीक भेग उघड्या डोळ्यांना दिसत नाही.

‘त्यापेक्षा पॉवर स्टिअरिंगच लावू’

दांड्यावर बसणारी इलेक्ट्रिक मोटर लावली की हाताला स्टिअरिंग हलके लागते, म्हणून हा मोह वाढतो आहे. पण ही मोटर बॉक्सच्या आधी बसते आणि तिचा सगळा जोर त्याच झिजलेल्या वर्ममधून जातो. म्हणजे कमजोर भागावर भार वाढतो, आणि हलकेपणामुळे बॉक्सचे आवळणेही हाताला कळेनासे होते. बॉक्स काढून दुसऱ्या गाडीचा रॅक बसवणे आणखी अवघड आहे. रॅकची टोके सस्पेन्शनच्या सांध्यांशी ठरावीक रेषेत आली नाहीत, तर प्रत्येक खड्ड्यात चाके आपोआप वळतात, आणि ती रेषा अंदाजाने साधत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफारांना मनाई आहे, तेव्हा ज्या तपासणीसाठी हा खटाटोप सुरू केला तिथेच गाडी अडकायची.

‘आमची गाडी चाळीसच्या वर जात नाही’

वेग कमी असला की चुका सावरायला वेळ मिळतो, हे मान्य. पण प्ले असलेल्या स्टिअरिंगमध्ये प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्या मोकळ्या जागेत हातोड्यासारखा बसतो, आणि झीज आपल्या वेगाने वाढत राहते. पुढचे टायर एका बाजूने खाल्ले जातात. मग अलाइनमेंट करून घेतली जाते, तीही टिकत नाही, कारण ढिल्या जोडणीवर घेतलेले माप गाडी यंत्रावरून उतरताच बदललेले असते. म्हणून अलाइनमेंट नेहमी सर्वांत शेवटी करावी.

बसवताना

ड्रॉप आर्म पुलरनेच (खेचून काढण्याच्या हत्याराने) काढावा. हातोड्याचे घाव सेक्टर शाफ्टमार्फत थेट रोलर, गोळ्या आणि बेअरिंगवर उतरतात, आणि चांगला बॉक्स काढतानाच खराब होतो. काढण्यापूर्वी आर्म आणि शाफ्ट यांच्यावर खूण करून ठेवावी. एक खाच जरी पुढे-मागे बसला, तर स्टिअरिंग एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त वळते. बॉक्स आणि पुढची चाके दोन्ही मध्यावर असतानाच जोडणी करावी. स्टिअरिंग वाकडे दिसते म्हणून नुसते वरचे चक्र काढून सरळ बसवण्याची चलाखी करू नये, कारण मग गाडी सरळ चालताना बॉक्स आपल्या मध्यावर राहत नाही आणि त्याच्या सैल ठेवलेल्या भागावर चालतो. बॉक्सचे बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळावेत, पिना आणि लॉक वॉशर नवे घालावेत आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा सगळे तपासावे.

बॉक्स बदललाच, तर जुना गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. त्यातला वर्म बाद असला तरी कवच, झाकण आणि ड्रॉप आर्म धड असतात, आणि पुढेमागे नवी जोडी हाती लागली तर तिला बसवायला मूळ मापाचे कवच बाजारात शोधत फिरावे लागत नाही. तेल पुसून, गंजू नये म्हणून आतून ग्रीसचा हात फिरवून तो घरी ठेवून द्यावा. इथे ग्रीस चालते.